लकव्यानंतरचा थकवा म्हणजे आळस नव्हे

लकवा मारून चार-सहा महिने झाले. हात उचलतो, बोलणं सुधारलं, माणूस काठीशिवाय चालू लागला. तरी सकाळी आंघोळ केली की तो पुन्हा आडवा होतो. मग घरात बोलणं सुरू होतं : "आता बरा झालाय, तर कामाला का जात नाही? अंगचोर झालाय." आम्हाला सांगायचं आहे, की हा अंगचोरपणा नाही. हा आजाराचाच भाग आहे.

लकव्यात मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूच्या काही भागाला इजा होते. त्यामुळे आधी सहज होणाऱ्या कामालाही जास्त जोर आणि जास्त लक्ष लागतं. लकवा झालेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना असा थकवा येतो. लकवा सौम्य असला तरी येतो. रात्रभर झोपूनही तो जात नाही आणि काही महिने, कधी काही वर्षंही राहतो. वरून दिसत नाही, म्हणून कुणाला पटत नाही.

आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रक्त कमी असणं, थायरॉईड, वाढलेली साखर, घोरताना श्वास अडणं, मनाची उदासी किंवा एखादं औषध यांमुळेही थकवा वाढतो. त्यावर उपाय होतो. मात्र बीपीच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दुसरा झटका येऊ शकतो. 'ताकदीचं' सलाईन लावून हा थकवा जात नाही. त्यात पैसे घालवू नका.

घरात एवढं करता येतं. अवघड काम अंगात ताकद असते त्या वेळी ठेवा. आंघोळ स्टुलावर बसून, भाजी निवडणं बसूनच. थकून पडण्याआधीच थोडा आराम घ्या. रोज थोडं चाला, हळूहळू वाढवा. एका खोलीच्या घरात टीव्ही आणि सगळ्यांचं बोलणं एकदम चालू असलं तरी रुग्ण दमतो. आवाज कमी ठेवा. कामावर परत जाताना मुकादमाशी किंवा साहेबांशी बोलून आधी अर्धा दिवस, हलकं काम मागा.

लकवा बाईला झाला असेल, तर तिच्या वाट्याला हा आरामही येत नाही. नळाचं पाणी, चूल, मुलं सगळं तिच्याच अंगावर. ती कामं घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावीत.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. तोंड अचानक वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर तो थकवा नव्हे. वेळ पाहून ठेवा आणि लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आजारी माणसाला औषध डॉक्टर देतील. 'तू खोटं बोलत नाहीस' हा विश्वास मात्र आपणच द्यायचा आहे.