तडा गेलेल्या घंटेचे गाव

आपल्याकडची मंडळी अमेरिकेला जातात ती बहुधा मुलाकडे किंवा लेकीकडे. मग सुटी साधून मुले त्यांना न्यूयॉर्क दाखवतात, वॉशिंग्टन दाखवतात. नायगारा तर दाखवावाच लागतो, नाहीतर परत आल्यावर शेजारी काय म्हणतील! फिलाडेल्फिया या दोन शहरांच्या वाटेवर पडते, म्हणून मोटार तेथे तास-दीड तास थांबते. घंटा पाहायची, घंटेपाशी छायाचित्र काढायचे आणि पुढे निघायचे. मला तेथे भाचीच्या घरी आठ दिवस राहण्याचा योग आला, आणि तेव्हापासून या तास-दीड तासाबद्दल माझी तक्रार आहे. न्यूयॉर्कहून आगगाडीने हे अंतर सुमारे दीड तासाचे. निदान दोन दिवस या शहराला द्यावेत, आणि पायांत चांगले बूट घालावेत.

कारण हे शहर पायी पाहण्याचे आहे. विल्यम पेन या क्वेकर पंथाच्या गृहस्थाने १६८२ मध्ये ते वसवले, आणि वसवण्यापूर्वी त्याचा आराखडा काढून घेतला. उभे-आडवे सरळ रस्ते आणि मध्ये पाच मोकळे चौक. उभ्या रस्त्यांना नुसते आकडे आणि आडव्यांना झाडांची नावे: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. पुण्यात वारांच्या पेठा, तशा येथे झाडांच्या वाटा. दुसऱ्या दिवशी मी कोणाला न विचारता घरी परतलो, यात माझी हुशारी काही नाही, श्रेय पेनसाहेबांचे.

पाहायला आरंभ करावा तो इंडिपेन्डन्स हॉलपासून. लाल विटांची ही वास्तू प्रथमदर्शनी साधीच वाटते. आपल्या डोळ्यांना गडकोटांची आणि राजवाड्यांची सवय! पण ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला तो येथे, आणि १७८७ मध्ये राज्यघटना सिद्ध झाली तीही याच दालनात. टेबलांवर हिरवी बनात आणि पिसांच्या लेखण्या मांडून ठेवल्या आहेत. सामान बहुतेक त्या काळाच्या धर्तीचे आहे, पण वॉशिंग्टन ज्या खुर्चीवर अध्यक्ष म्हणून बसले ती खुर्ची अस्सल आहे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. तो उगवता की मावळता, हा विचार एक्याऐंशी वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनना त्या बैठकांत सतावत असे. घटनेवर सह्या झाल्या तेव्हा त्यांनी तो उगवता ठरवला. या सभागृहासाठी वेळ नेमून दिलेले तिकीट लागते. ते आधी नोंदवून ठेवावे.

घंटेला मात्र तिकीट नाही. १७५१ मध्ये ती लंडनच्या व्हाइटचॅपेल कारखान्याकडे मागवली. येथे आल्यावर वाजवून पाहताच तडकली. मग पास आणि स्टो या दोघा स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. तिचे वजन सुमारे साडेनऊशे किलो आहे. जाहीरनाम्याच्या दिवशी ही घंटा घणघणली, अशी गोष्ट पोरासोरांना सांगतात. तिला पुरावा नाही. गंमत अशी की लोक ज्या रुंद भेगेचे छायाचित्र घेतात तीही मूळ भेग नव्हे. कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून कारागिरांनी ती मुद्दाम रुंद केली. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवली तेव्हा दुसरी चीर वर गेली आणि घंटा कायमची मुकी झाली. ‘लिबर्टी बेल’ हे नाव तिला प्रचारात मिळाले ते १८३० नंतरच्या दशकात, गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्यांकडून. देशभर स्वातंत्र्याची द्वाही फिरवा, अशा अर्थाचे बायबलमधले वचन तिच्यावर आहे. त्यांनी एवढेच विचारले की, मग गुलामांचे काय?

हा प्रश्न घंटेच्या दारातच उभा आहे, आणि घाईत तो पायाखालून जातो. १७९० ते १८०० ही दहा वर्षे फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती. अध्यक्षांचे घर होते ते घंटेच्या आजच्या इमारतीला लागून. घर पाडले गेले, पण उत्खननात सापडलेला पाया पाहता येतो. या घरात वॉशिंग्टनच्या चाकरीला नऊ गुलाम होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे सलग सहा महिने येथे राहिलेला गुलाम सुटका मागू शकत असे. म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर फिरवून आणण्याची तजवीज अध्यक्षमहाशयांनी करून ठेवली होती! ओना जज ही मार्था वॉशिंग्टन यांची दासी. आपल्याला बाईसाहेबांच्या नातीला लग्नात आंदण देणार, हे तिला कळले. मे १७९६ मध्ये, घरची मंडळी जेवायला बसलेली असताना, बाविशी-तेविशीची ही मुलगी दाराबाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोहोचली. शोध झाला, माणसे पाठवली गेली. ती परतली नाही. १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती गुलामच होती. खुर्चीवरचा सूर्य पाहून येथे आलो, तेव्हा माझ्याने काही वेळ पुढे जाववेना. मुले बरोबर असली तर घंटेआधी त्यांना हे घर दाखवावे.

मराठी माणसाला या शहरात आणखी एक कारण आहे. डॉ. आनंदीबाई जोशी शिकल्या त्या येथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात. अठरा वर्षांची ही मुलगी १८८३ मध्ये एकटी आली, साडी सोडली नाही, थंडीने आणि आजाराने खंगत गेली, आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेऊन उभी राहिली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पुढल्याच फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या; वय बावीसही पुरे नव्हते. त्या कॉलेजचे जुने कागदपत्र आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जपानच्या आणि सीरियाच्या मैत्रिणींबरोबर बसलेल्या आनंदीबाईंचे १८८५ चे छायाचित्र तेथलेच. रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तकही १८८७ मध्ये याच शहरात छापले गेले, आणि त्याला प्रस्तावना होती ती आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुख रेचेल बॉडली यांची. मी वर्गात ही नावे वर्षानुवर्षे घेत आलो. पण ती ज्या गावच्या थंडीत वावरली ते गाव पाहणे निराळे.

उरलेले भराभर सांगतो. एल्फ्रेथ्स ॲली ही बत्तीस जुन्या घरांची चिंचोळी गल्ली. तेथे लोक आजही राहतात, तेव्हा खिडकीतून डोकावू नये. फ्रँकलिनच्या थडग्यावर लोक एकेक पैसा टाकतात. काटकसरीचा उपदेश करण्यात ज्याचा जन्म गेला त्याच्यावर ही उधळपट्टी! कलासंग्रहालयात बहुतेक जण पुढच्या बहात्तर पायऱ्या ‘रॉकी’ चित्रपटातल्यासारख्या धावत चढतात आणि परत फिरतात. कृपा करून आत जावे. मदुराईच्या देवळाचा खांबांनिशी उभा केलेला मंडप तेथे आहे. काळोखातून त्या मूर्ती दिसल्या की आपले माणूस भेटल्यासारखे होते, आणि हे येथे का, असेही मनात येतेच.

खाण्याचे म्हणाल तर येथली प्रसिद्ध वस्तू म्हणजे गोमांस भरलेला पाव. आमच्यासारख्यांचे तेथे काम नाही. पण रीडिंग टर्मिनल या १८९३ पासूनच्या बाजारात मैद्याच्या पिळाला गाठ मारून भाजलेले, मीठ भुरभुरलेले प्रेट्झेल गरम मिळते. बाजारात आमिश पंथाची माणसे जुन्या वेषात दुकाने मांडतात. रविवारी ती येत नाहीत. बाजाराचा बेत शनिवारी सकाळी ठेवावा.