आधी नोकरी, मग प्रशिक्षण!

वाडी (नागपूर), खास प्रतिनिधी

अमरावती मार्गावरील वाडीत गोदामे आणि ट्रान्सपोर्ट कंपन्यांची दाटी आहे. माल मोजणे, खोकी बांधणे, लेबल लावणे, चलनावरून नोंदी घेणे ही कामे येथे बाराही महिने चालतात. स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र द्विध्रुवी विकार असलेल्या व्यक्तीला यातील एखादे काम द्याल का, असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : 'आधी पूर्ण बरा होऊ द्या, मग बघू.' 'आधारयुक्त रोजगार' या पद्धतीला नेमके हेच उत्तर मान्य नाही.

पारंपरिक पुनर्वसनाचा क्रम सर्वपरिचित आहे. आधी उपचार, नंतर मेणबत्त्या किंवा पाकिटे तयार करण्याचे प्रशिक्षण आणि शेवटी, जमलेच तर, नोकरी. व्यवहारात अनेकांचे आयुष्य दुसऱ्याच पायरीवर सरते. अमेरिकेत १९९० च्या दशकात डेबोरा बेकर आणि रॉबर्ट ड्रेक यांनी हा क्रम उलटा केला. रुग्णाची काम करण्याची इच्छा एवढीच अट. त्याच्या आवडीची, इतरांइतकेच वेतन देणारी साधी नोकरी लवकर शोधायची आणि काम शिकवायचे ते कामाच्या जागीच. यासाठीचा रोजगार साहाय्यक उपचार करणाऱ्या चमूतच असतो आणि नोकरी लागल्यावरही तो पाठीशी राहतो.

कामाच्या ताणाने आजार उलटेल, ही कुटुंबीयांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र युरोपातील सहा शहरांत ३१२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष वेगळे आहेत. दीड वर्षात या पद्धतीने ५५ टक्के रुग्णांना काम मिळाले, तर जुन्या पद्धतीने २८ टक्क्यांना. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाणही कमीच होते : ३१ टक्क्यांच्या तुलनेत २० टक्के.

महाराष्ट्रातही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना नोकरदार महिलांच्या वसतिगृहात निवारा आणि सोबत नोकरी मिळवून देण्याचे काम टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'तराशा' प्रकल्पाने मुंबईत केले. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी २०१६ मध्ये 'उडान' उपक्रम हाती घेतला. बऱ्या झालेल्या माणसाला घर परत घेईलच असे नाही. अशा वेळी स्वतःची मिळकत हाच मोठा आधार ठरतो.

वाडीतील एखाद्या गोदामात याचा अर्थ काय? औषधांमुळे सकाळी गुंगी राहत असेल तर पाळी अकरा वाजता सुरू करणे, झोप मोडणारी रात्रपाळी टाळणे, बाह्यरुग्ण विभागाच्या तारखेला सुटी देणे, सूचना एका वेळी एकच आणि शक्यतो लिहून देणे. यासाठी मोठा खर्च येत नाही. आजाराची माहिती मालकाला द्यायची की नाही, हे मात्र त्या व्यक्तीनेच ठरवायचे.

अडचण आहे ती ठेकेदारीची. दोन दिवस गैरहजर राहिलेल्याचे नाव हजेरीपटावरून सहज कटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आरक्षणाची तरतूद आहे. त्यातील एक टक्का जागा स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांच्यासाठी मिळून आहेत. पण हे आरक्षण शासकीय आस्थापनांपुरते आणि त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मानसिक आजारात ही टक्केवारी ठरवताना काम करण्याची क्षमताही मोजली जाते. म्हणजे माणूस कामात रुळला की सवलतीचा त्याचा दावा दुबळा होण्याची शक्यता!

खासगी मालकही अगदीच मोकळे नाहीत. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, त्यात दिव्यांगांना योग्य अशी पदे, विशेष रजा आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख असावा, असे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात. वाडीतील अनेक गोदामे या संख्येत सहज बसावीत. नोकरीसाठी येणाऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी हे धोरण पाहण्यास मागायला हरकत नाही.