घरचं पाळणाघर (लेखांक ९) : रंगाआधीची खरवड

रंगकामाला मे महिना बरा की गणपतीचे दिवस, याचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर ढकलते आहे, कारण मागचा लेख वाचून नाशिकच्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याही आधी द्यायला हवं. त्यांची इमारत चाळीसेक वर्षांची. दारं-खिडक्यांना ऑइलपेंट, आणि हॉलच्या भिंतींनाही खालचे चार फूट ऑइलपेंटचा पट्टा. रंगारी म्हणतो, जुना रंग घासून काढल्याशिवाय नवा धरणार नाही. ताईंचा बेत असा, की एकेक खोली कामाला घ्यायची, दाराला चादर लावायची आणि मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवायचं. "एवढं केलं तर चालेल ना?"

नाही चालणार. पाण्यातला रंग रोलरने लावायचा असेल तर थोडंफार जमवता येईल, पण खरवडकाम चालू असताना अजिबात नाही. आपल्या धंद्यात पालक वासाबद्दल तक्रार करतात, म्हणून आपणही वासाचीच काळजी करत बसतो. वास नाकाला लगेच कळतो. खरवडीची धूळ कळत नाही. ती चादरीच्या कडेने येते, पंख्याच्या वाऱ्यावर फिरते, सतरंजीवर बसते, दुधाच्या बाटलीच्या झाकणावर बसते, आणि दुपारी झोपवलेलं बाळ उठून त्याच सतरंजीवर रांगायला लागतं.

त्या धुळीत शिसं असू शकतं. ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगं घालत, आणि पिवळा, केशरी, हिरवा असे रंग ठळक उठावेत म्हणूनही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ठरवणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दहा लाख भागांत ९० भाग, याहून जास्त शिसं चालत नाही. त्याआधी विकल्या गेलेल्या काही रंगांत ते हजारांच्या घरात सापडलेलं आहे. म्हणून मी सांगते ते सरळ आहे: २०१७ च्या आधीचा ऑइलपेंट दिसला की त्यात शिसं आहे असं धरूनच चालायचं. चुना आणि डिस्टेंपरच्या भिंतींची या बाबतीत एवढी धास्ती नको.

मुलांच्या पोटात शिसं गेलं, तर मोठ्यांच्या चार-पाच पट ते त्यांच्या अंगात शोषलं जातं. अमुक इतकं शिसं निर्धोक, अशी पातळी जागतिक आरोग्य संघटनेला सांगता आलेली नाही. ताप नाही, पुरळ नाही, मूल नेहमीसारखं खेळत असतं, आणि घाला बसतो तो वाढत्या मेंदूवर.

आता थोडं आडवाटेला जाते, कारण ही हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १८९० नंतर डॉक्टरांकडे अशी मुलं येऊ लागली, ज्यांचे हातपाय लुळे पडत होते, नजर जात होती. शिशाची विषबाधा आहे, एवढं १८९२ मध्येच कळलं होतं. पण शिसं येतं कुठून ते सापडेना. पाणी तपासलं, भांडी तपासली. लॉकहार्ट गिब्सन नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी १९०४ साली बोट ठेवलं ते व्हरांड्याच्या कठड्यावर. तिथली घरं लाकडी, व्हरांडे रंगवलेले, ऊन कडक. उन्हाने रंगाची भुकटी होई, कठड्याला धरून खेळणाऱ्या मुलांच्या हाताला ती चिकटे, आणि ज्यांना अंगठा चोखायची, नखं खायची सवय होती, त्यांच्या पोटात जाई. पुष्कळांना ते पटलं नाही. मुलांचा हात पोचेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावायला क्वीन्सलँडमध्ये कायद्याने मनाई झाली ती १९२२ साली.

आता आपल्या गॅलरीचं ग्रिल बघा. दहा महिन्यांचं मूल पहिल्यांदा उभं राहतं ते बहुतेक त्याच ग्रिलला धरून. खाली रस्त्यावरची रिक्षा बघत असतं आणि तोंड टेकलेलं असतं गजाला. दात येत असतील तर गज चघळतंसुद्धा. हॉलमधला तो चार फुटांचा पट्टाही आपण मुलांसाठीच मारून घेतो, खडूचे आणि हातांचे डाग पुसता यावेत म्हणून. म्हणजे घरात ऑइलपेंट जिथे जिथे आहे, तिथे तिथे मुलांचा हात पोचतोच.

म्हणून खरवडण्याआधी ठरवायचं, की खरवडायला हवं का? जुना रंग घट्ट असेल, नखाने उकरून सुटत नसेल, तर त्याला उगाच उकरू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, वॉटर पेपरने ओलाच हलका घासून घ्या, प्रायमर मारा आणि वरून रंग चढवा. दाबलेलं शिसं दाबलेलंच बरं. पोपडे सुटले असतील तेवढीच जागा काढायची, तीही ओली करून. फवाऱ्याने पाणी मारायचं, पत्रीने हळूहळू सोडवायचं, सुकलं की परत पाणी. भट्टीच्या दिव्याने किंवा गरम हवेच्या यंत्राने रंग जाळून काढणारे असतात, त्यांना मुलांच्या घरात पाऊल टाकू देऊ नका.

रंगारी कुरकुरतात. आमच्याकडचे मामा म्हणाले, "काकू, सुकं घासल्याशिवाय हात गुळगुळीत फिरत नाही." मी विचारलं, "कपाटाला ड्युको मारता तेव्हा कसं घासता?" हसले. ड्युकोला ओलंच घासतात, आणि त्याच्याइतकं गुळगुळीत दुसरं काही नसतं. काम येत असतं त्यांना, फक्त वेळ जास्त लागतो. तो वेळ मजुरीत धरायला आपण आधीच कबूल व्हायचं. शिवाय त्या धुळीत सगळ्यात जास्त वेळ उभे असतात तेच, आणि संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी जाऊन नातवाला उचलतात. नाकाला चांगला मास्क, आणि निघताना हातपाय धुऊन कपडे बदलायला मोरी मोकळी, एवढं आपल्याकडून.

खोलीतल्या गाद्या, खेळणी, पाळणा झाकून ठेवू नका, बाहेर काढा. जमिनीवर जाड प्लॅस्टिक पसरून कडा चिकटपट्टीने बंद करा. दाराला चादरीऐवजीही प्लॅस्टिकच, कारण चादर धूळ धरते आणि काढून झटकली की सगळी परत घरात. पंखा बंद. काम संपल्यावर झाडू हातात घ्यायचा नाही. खरवड ओली असतानाच गोळा करून जाड पिशवीत बांधायची. कुंड्यांत नको आणि सोसायटीच्या मागच्या अंगणातही नको. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. जमीन, खिडक्यांच्या चौकटी, पंख्याची पाती, सगळं पुसायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. तोवर मुलं त्या घरात नकोत. शेजारच्या बिऱ्हाडात सोय होते का बघा, नाहीतर पालकांना पंधरा दिवस आधी लेखी कळवून सुट्टी जाहीर करा. दोन दिवसांचे पैसे बुडतात, ते बुडू द्यावेत.

न्यू जर्सीत घरीच मुलं सांभाळणाऱ्या एका ताई हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी वेगळं सांगते. अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणून त्याआधीचं घर असेल तर २०१० पासून तिथे कडक नियम आहे. सहा वर्षांखालचं एकच मूल आठवड्यातून निदान दोन दिवस, दर वेळी तीन तास, असं वर्षात साठ तास येत असेल, तर ती जागा मुलांची म्हणून धरली जाते. खोलीत सहा चौरस फुटांहून जास्त जुना रंग उखडायचा असेल, तर प्रमाणपत्र असलेल्या कंत्राटदाराकडूनच काम करून घ्यावं लागतं. आपल्याकडे असा नियम नाही, पण हे मोजमाप मला आपल्यासाठीही फार उपयोगाचं वाटतं.

नाशिकच्या ताईंनी आणखी एक करावं. नव्या रंगाचे डबे आले की झाकण उघडण्याआधी लेबल वाचावं. शिसं मर्यादेत असल्याचं त्यावर छापणं कंपनीला बंधनकारक आहे. ग्रिलच्या प्रायमरकडे जास्त लक्ष द्यावं, कारण कारखान्यांच्या कामाचे रंग या नियमांखाली येत नाहीत आणि हार्डवेअरच्या दुकानात सगळे डबे शेजारी शेजारीच असतात. सुटा, विनालेबलचा प्रायमर तर घेऊच नये, रंगारी कितीही म्हणाला तरी.

मे की गणपती, ते पुढच्या आठवड्यात. तोवर आपल्याकडची किती मुलं मे महिन्यात गावी जातात आणि शाळेला सुट्टी म्हणून किती जण उलट दिवसभर येतात, एवढं वहीत लिहून ठेवा.