पहिल्या तीनांत

'पेशंट मी तपासले, आकडे मी काढले आणि पेपरवर मी पाचवा,' असं एक निवासी डॉक्टर चहा पिताना सहज बोलून गेला. पाचवा म्हणजे काय, हे कळावं म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात डॉक्टरांचे शोधनिबंध जुळवणाऱ्या एका डीटीपीच्या दुकानात जाऊन बसलो.

आत रेक्झिनचा आणि बाइंडिंगच्या सरसाचा वास. समास, तक्ते, संदर्भांचे क्रमांक दुकानातल्या ताई झरझर लावतात. माउस अडतो तो शीर्षकाखालच्या ओळीवर. 'नावं शेवटी टाकायची. फोनवर फोन येतात, क्रम फिरत राहतो. पत्रिकेत काका वर की मामा, यावरून रुसवेफुगवे होतात ना, तसंच. आतल्या मजकुराचा काना-मात्रा मात्र कुणी बदलत नाही.'

सगळं वैद्यकीय प्राध्यापकांच्या बढतीपायी. 2015 मध्ये मेडिकल कौन्सिलने पहिल्या दोनच लेखकांना श्रेय द्यायचं ठरवलं. 2017 मध्ये ते पहिल्या लेखकाला किंवा नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला मिळू लागलं. 2022 मध्ये कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांत पहिले तीन किंवा पत्रव्यवहार करणारा, असं होतं. फुकटची नावं गळावीत, हा हेतू असावा. पण ज्याच्या हातात विभाग, तो कशाला गळतोय? तो वर सरकला. 'पहिल्या तीनांत बसवा, एवढंच सांगतात,' ताई म्हणाल्या. तीन. पत्रव्यवहार करणारा सोडला, तर चौथ्यापासून पुढचे बढतीच्या हिशेबात नसल्यातच जमा.

एवढी ओढाताण, आणि पीक किती? डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मोजदाद मांडली: 2005 ते 2014 या काळात देशातल्या 579 वैद्यकीय संस्थांपैकी 332 संस्थांचा एकही शोधनिबंध नव्हता.

पेपर परीक्षकाकडे गेला तरी नाव काही सुटत नाही. एका अस्थिरोग नियतकालिकाच्या परीक्षकांना मुद्दाम रचलेला एकच लेख पाठवला गेला. नामवंत लेखकांची नावं दिसली, तेव्हा 87 टक्क्यांनी तो स्वीकारावा म्हटलं; नावं झाकली, तेव्हा 68 टक्क्यांनी. 2016 चाच हा अमेरिकी प्रयोग ताईंना सांगितला. त्यांना नवल वाटलं नाही. 'म्हणजे तिकडंही आधी नावच वाचतात की.'

तेवढ्यात एक मॅडम पेनड्राइव्ह घेऊन आल्या. पहिलं नाव सरांचं, दुसरं त्यांचं, तिसरं शेजारच्या विभागातलं; त्या विभागाच्या पेपरवर यांचं नाव असतं, म्हणून.

'आणि आकडे कुणी गोळा केले?' मी विचारलं.

'त्याचं नाव आभारात टाकलंय.'