चार मिलिमीटर

सायकलची वाकडी फ्रेम सरळ करणारे पुष्कळ आहेत. पुण्यात पेठेतल्या एका दुकानात चांगली सरळ फ्रेम मुद्दाम फाकवतात, हे कळल्यावर बघायला गेलो.

फ्रेम ऐंशीच्या दशकातली, इटालियन, कोलंबसच्या पोलादी नळ्यांची. मालकाला तिच्यावर आठ गिअर हवे होते. आडवे येत होते चार मिलिमीटर. मागच्या चिमट्यात जागा १२६, आठ गिअरच्या हबला लागते १३०. "सगळं दशक या चार मिलिमीटरमध्ये आहे," दुकान चालवणारे काका म्हणाले. सुरुवातीला मागे पाच-सहा चकत्या, मग सात, दशक सरता सरता आठ. १९८४ मध्ये शिमानोने आपल्या ड्युरा-एस गिअरसंचाला खटक्याचा गिअर दिला. त्याआधी लिव्हर अंदाजानेच सरकवायची आणि चेन घासतेय का, ते कानाने ओळखायचं.

चाक काढलं, चिमट्यात आटे पाडलेली सळई घातली आणि काका दोन्हीकडचे नट बाहेरच्या बाजूला फिरवू लागले. १३० झालं, १४० झालं, तरी पाना थांबेना. रंग तडकेल म्हणून माझाच जीव वरखाली. पण सोडलं की पोलाद मागे येतं. पहिल्या खेपेला व्हर्निअरने १२८ दाखवलं. आणखी दोन खेपा, तेव्हा कुठे चार मिलिमीटर पदरात पडले.

मग दोरा. चिमट्याच्या एका टोकाला बांधून, हँडलच्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या टोकाला. सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. उजवीकडे जरा जास्त भरलं. काकांनी फ्रेम मांडीवर आडवी घेतली, तळव्याने एकच दाब दिला आणि पुन्हा दोरा धरला.

"कार्बनची असती तर?"

"हात लावला नसता."

कार्बनही त्याच दशकातलं. १९८६ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँच्या सायकलची फ्रेम कार्बनची होती. १९८९ मध्ये तो हँडलला पुढे काढलेल्या दांड्यांवर कोपरं टेकवून बसला आणि टूर आठ सेकंदांनी जिंकला. मला मात्र तळव्याचं ऐकणारी ही पोलादी फ्रेमच उजवी वाटत होती.

तेवढ्यात मालकाचा फोन: लिव्हर जुन्याच ठेवा, बिनखटक्याच्या; दिसायला छान दिसतात.

"दिसायला!" फोन ठेवून काका म्हणाले. "घाटात गिअर निसटला की पुढचा घोळका गेला. छान काय त्यात?"