दोन मालगाड्या भरून जाळं

उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत मस्की नावाचा एक शिकारी मासा राहतो. लांब अंग, सुसरीसारखा जबडा, तोंडभर सुळे. गळ टाकणारे तिकडचे लोक त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. हे बिरुद ऐकलं आणि मी कागद घेऊन बसलो. गळ लांब फेकायचा, आमिष हळूहळू ओढत परत आणायचं आणि पुन्हा फेकायचा. एका फेकीला ४० सेकंद धरू. दहा हजार फेकींचे झाले चार लाख सेकंद, म्हणजे १११ तास. रोज आठ तास पाण्यावर उभं राहिलं तर चौदा दिवस, आणि तेही एका माशासाठी. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात तीन एकर पाण्यामागे एक मोठा मस्की असला तर ते तळं चांगलं समजतात. आपल्या हिशेबात सांगायचं तर १२० गुंठ्यांत एक जीव. तो आज भुकेला असेलच असंही नाही.

तिकडचा शरद ऋतू म्हणजे बोचरा वारा आणि गोठवणारं पाणी. अनुभवी गळवाले सर्वांत मोठ्या मस्कीसाठी नेमका हाच काळ निवडतात. मिनेसोटातलं मिल लॅक्स हे सुमारे ५३६ चौरस किलोमीटरचं सरोवर. तिथं २२ नोव्हेंबर २०२१ रोजी नोलन स्प्रेंगलर या तरुणाने अंधार पडल्यावर एक मस्की ओढून काढला. काठावर बर्फ धरायला लागलं होतं. माशाची लांबी ५७.७५ इंच आणि वजन ५५ पौंड १४.८ औंस, म्हणजे साडेपंचवीस किलोला थोडं कमी. त्या राज्याचा आधीचा विक्रम १९५७ सालचा होता. चौसष्ट वर्षं किती माणसांनी किती फेकी केल्या असतील, याचा आकडा कुणी मांडलेला नाही. त्या फेकींमधली बहुतेक प्रत्येक फेक रिकामी परतली, आणि तरी लोक फेकत राहिले.

मी वरठीचा. आमच्याकडे मस्की नाही. पण रिकामं जाळं पुन्हा फेकणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलो आहे. गावातल्या रेल्वे स्टेशनचं नाव भंडारा रोड, गावाला लागून सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, आणि काही किलोमीटरवर वैनगंगा. आश्विन-कार्तिकात हलका धान कापणीला येतो, दिवाळी होते, गावोगावच्या मंडया भरतात. नेमक्या याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळं उठतात. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन ओडिशाच्या किनाऱ्याला लागलं; बरोबर वर्षाने, १२ ऑक्टोबर २०१४ ला, हुदहुद विशाखापट्टणमवर आदळलं. अशा वादळांचे ढग पूर्व विदर्भापर्यंत येतात. दोन दिवस ऊन दिसत नाही, पाणी गढूळ होतं, वारा दिशा बदलतो. कापलेला धान भिजतो आणि शेतकरी हवालदिल होतो. त्याच वेळी नदीकाठी ढीवर खांद्यावर जाळं टाकून उभा असतो. एकदा सकाळपासून रिकामं जाळं ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांना मी विचारलं, आज परत जायचं नाही का? ते म्हणाले, “जारा फेकाच लागते, भाऊ.” आणि फेकलं.

त्या चार शब्दांत किती वजन आहे, हे मला आकडे मांडल्यावर कळलं.

आधी वरून येणारं पाणी घेऊ. महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी म्हणतात. ६५ मिलिमीटर म्हणजे चार बोटांपेक्षाही कमी. भंडारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ४,०८७ चौरस किलोमीटर. एवढ्या जमिनीवर चार बोटं पाणी पडलं तर ते होतं साडेसव्वीस हजार कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये भरायचं ठरवलं तर दोन कोटी पासष्ट लाख टँकर लागतील. आठ मीटर लांबीचा एक टँकर धरून ते एकामागे एक उभे केले, तर रांग विषुववृत्ताभोवती पाच वेढे घालून पुढे जाईल. एका दिवसाचा, एका जिल्ह्याचा हा पाऊस. नाले, बोड्या, तलाव आणि सूर नदी हे पाणी वैनगंगेकडे आणतात. कारध्याच्या पुलाखाली ते चढायला लागलं की साऱ्या भंडाऱ्याचं लक्ष तिकडे लागतं. त्या चढलेल्या पाण्यात पाच मीटर रुंदीचं गोल जाळं टाकून माणूस मासा शोधत असतो.

खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचं धरण आहे. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी त्याची पायाभरणी केली. भिंत ११ किलोमीटरहून लांब, दरवाजे ३३. काठोकाठ भरलं तर सुमारे ११४.६ कोटी घनमीटर पाणी मावतं आणि ते २२२ चौरस किलोमीटरवर पसरतं. एकाला दुसऱ्याने भागलं की सरासरी खोली निघते जेमतेम पाच मीटर. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. अफाट पसरलेलं आणि उथळ पाणी वाऱ्याला लगेच उसळतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ४० चा झाला तर डोंग्यावर बसणारा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत डोंगा उलटला आणि मिरची तोडायला निघालेल्या मजूर बाया बुडाल्या. नदीकाठची माणसं हे विसरत नाहीत. वारा चढला की जाणता ढीवर पाण्यात डोंगा घालत नाही, काठावरून जाळं टाकतो, आणि काठावरूनही जमत नसेल तर घरी जातो. उद्या पुन्हा येईन ही खात्री असल्याशिवाय आज परतता येत नाही. गेलेला दिवस वसूल करण्याच्या घाईत असलेला माणूसच वादळात डोंगा लोटतो.

गळवाल्यांमध्ये जगभर एक समज आहे: वादळ आलं, हवेचा दाब पडला, मासा आता तोंड उघडणार नाही. या एका वाक्याने हजारो माणसं सामान आवरून घरी गेली असतील. दाब किती पडतो ते पाहू. आपल्याकडे एखादं वादळ जवळून गेलं आणि दाब दहा मिलिबारने उतरला तर तो मोठाच उतार म्हणायचा. पाण्याखाली दहा मिलिबार म्हणजे दहा सेंटिमीटर खोली. अर्धी वीत! मासा अर्धी वीत खाली सरकला की त्याच्यापुरता तो सगळा उतार भरून निघाला. दिवसभरात तो काही मीटर सहज वरखाली करतो. तेव्हा वादळात मासा जागा बदलतो ती दाबापेक्षा उजेड, गढूळपणा आणि प्रवाह यांमुळे, असं मला वाटतं. आणि हे तिन्ही काठावरून डोळ्यांनी दिसतं.

थंडीचंही तसंच. रात्री एकदम गारठा पडला की आपण म्हणतो, पाणी थंड झालं असेल. गोसेखुर्दचं भरलेलं पाणी फक्त एक अंश सेल्सिअसने थंड व्हायचं असेल तर त्यातून जवळपास १३३ कोटी युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडावी लागते. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या होती १२,००,३३४. पाच माणसांचं एक घर आणि महिन्याला शंभर युनिट वापर धरला, तर या उष्णतेत अख्ख्या जिल्ह्यातल्या घरांना साडेचार वर्षं वीज पुरेल. एक अंशासाठी! एका रात्रीचा वारा एवढी उष्णता कुठून काढणार? आपण काठावर कुडकुडतो तेव्हा खोल पाण्यातल्या माशाला बातमीही पोचलेली नसते. छोट्या बोडीचं मात्र वेगळं. ती आठवड्याभरात गार होते. म्हणून गारठा पडला की कोणत्या पाण्यावर जायचं, हे जाणत्याला ठरवता येतं. पूर्व विदर्भात मालगुजारी तलावच सात हजारांच्या घरात आहेत. कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेल्या या तलावांनी निवडीला वाव ठेवला आहे.

आता खुद्द मासा. तीन किलोची रोहू मादी, किलोमागे कमीत कमी दोन लाख अंडी धरली तर एका पावसाळ्यात सहा लाख अंडी घालते. तिने पाच पावसाळे पाहिले तर तीस लाख. नदीतली रोहूंची संख्या वाढत नाही, घटत नाही असं समजलं तर एका जोडीमागे शेवटी एकच जोडी उरते. तीस लाखांत दोन, म्हणजे पंधरा लाखांत एक. भंडारा जिल्ह्यातली सगळी माणसं मोजली तरी ती बारा लाख भरतात. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, भंडारा, सगळी गावं आणि घरं एकत्र केली, आणि त्यात आणखी तीन लाख माणसं मिळवली, की त्या सगळ्यांतून एक जण उरतो. ढीवराच्या जाळ्यात फडफडणारी रोहू ही ती उरलेली एक असते. तिला हातात धरताना मला आजही आदर वाटतो.

रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे पूर्वी तलावांत सोडायचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाची सुई टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली आणि देशाचं मत्स्यपालन पालटलं. हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मिनेसोटाचा तो जुना मस्की-विक्रमही त्याच १९५७ चा. तलावांना बीज मिळालं हे चांगलंच झालं. नदीचं दुःख मात्र तसंच राहिलं. समुद्राकडे जाणाऱ्या आणि समुद्राकडून चढून येणाऱ्या जीवांपुढे आता अकरा किलोमीटरची भिंत आहे, आणि नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमधून वैनगंगेच्या फुगवट्यात येतं. ढीवराच्या रिकाम्या जाळ्यांमध्ये आपल्या शहरांचाही वाटा आहे, आणि तो हवामानाच्या नावावर खपवणं मला मान्य नाही.

एवढ्या पाण्यात, एवढ्या थोड्या माशांमागे, उथळ आणि वादळी धरणाच्या काठी उभा असलेला माणूस कशाच्या जोरावर फेकतो? कोणत्या जागी फेकायचं हे त्याला ठाऊक असतं. पाऊस उघडला की बांध्यांमधून उतरणारं पाणी नाल्याला मिळतं. त्या तोंडाशी अन्न वाहून येतं आणि मासा येतो. पूर ओसरला की भरकटलेले मासे डोहाकडे परततात, वाट अरुंद होते, तिथं जाळं. बावीस हजार हेक्टरांतला तो कोपरा काही गुंठ्यांचा असतो. एवढं ठाऊक असलं तरी दहातल्या आठ फेकी रिकाम्या जातात. त्या मोजून खचायचं की पुढची फेकायची?

मी त्याच्या फेकी मोजल्या. दिवसाला दोनशे फेकी, वर्षात दीडशे दिवस, आणि हाताला बळ असेपर्यंतची चाळीस वर्षं. गुणाकार बारा लाखांवर जातो. मस्कीवाल्यांचे दहा हजार इथं एकशे वीस वेळा मावतात. पाच मीटर रुंदीच्या जाळ्याने एका फेकीत वीस चौरस मीटर पाणी झाकलं जातं. जन्मभरात तो चोवीस चौरस किलोमीटर झाकतो. गोसेखुर्दच्या पाण्याचा तो जेमतेम नववा हिस्सा.

पण मला हलवून गेला तो वजनाचा आकडा. शिशाच्या गोळ्यांसकट ओलं जाळं सहा किलो धरू. बारा लाख वेळा सहा किलो म्हणजे ७,२०० टन. आमच्या स्टेशनातून दिवसरात्र मालगाड्या जातात. कोळशाच्या एका वॅगनमध्ये साधारण साठ टन माल बसतो आणि गाडीला साठेक वॅगन असतात. म्हणजे एक ढीवर चाळीस वर्षांत, भर पावसात आणि गारठ्यात, दोन हातांनी, दोन भरलेल्या मालगाड्या पाण्यातून ओढून काढतो.

हा हिशेब झाला त्या संध्याकाळी मी भंडारा रोडच्या फलाटावर होतो. ऑक्टोबर सरत आला होता आणि पूर्वेकडून बारीक पाऊस सुरू झाला होता. नागपूरकडे जाणारी कोळशाची गाडी धीम्या गतीने आली. मी वॅगन मोजायला लागलो. दहा, वीस, तीस. फलाट थरथरत होता आणि भिजलेल्या कोळशाचा वास येत होता. पन्नास झाल्या, तरी शेपूट दिसेना. एकोणसाठाव्या वॅगनमागून गार्डचा डबा गेला. त्याचा लाल दिवा पावसात बारीक होत गेला. काकांची वीस वर्षं माझ्यासमोरून गेली होती, आणि उरलेल्या वीस वर्षांची गाडी अजून यायची होती.