वापिटीची शिकार : रायफल-दुर्बीण व काडतुसे

उत्तर अमेरिकेत एल्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वापिटी या मोठ्या हरणाच्या शिकारीत रायफलीवरील दुर्बीण व काडतूस यांची निवड विशेष महत्त्वाची असते. यूरोपात मात्र एल्क ही संज्ञा मूस या वेगळ्या प्राण्यास लावतात. वापिटी हा काश्मीरमधील हंगुळाचा आप्त असून रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सु. ३०० किग्रॅ. वा त्याहून अधिक भरते. कोलोरॅडो, वायोमिंग, माँटॅना, आयडाहो इ. राज्यांत परवान्याने ठराविक हंगामातच त्याची शिकार करता येते.

जाड स्नायू व भक्कम हाडे यांमुळे गोळी उथळ लागल्यास जनावर जखमी अवस्थेत दूर जाते आणि कित्येकदा सापडत नाही. म्हणून गोळी हृदय वा फुप्फुसांपर्यंत पोहोचून त्वरित मृत्यू यावा, हाच निवडीचा मुख्य निकष होय.

काडतुसे : .३०-०६ स्प्रिंगफील्ड (१९०६), .२७० विंचेस्टर (१९२५), ७ मिमी. रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) व .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) ही काडतुसे प्रचलित आहेत. .३०-०६ मधील १८० ग्रेन (सु. ११·७ ग्रॅ.) वजनाची गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदास सु. ८२० मी. वेग घेते, तिची ऊर्जा सु. ३,९०० जूल असते. अंतराबरोबर वेग व ऊर्जा घटत जातात. लक्ष्यात शिरताच टोक पसरणारी गोळी वापरणे कोलोरॅडोत बंधनकारक आहे. तथापि गोळी फार लवकर पसरली वा फुटली, तर ती खोल जात नाही. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील मूसच्या शिकारीत हा अनुभव आल्यावर जॉन नॉसलर यांनी मध्ये आडभिंत असलेली गोळी तयार केली. तिचा पुढील भाग पसरतो व मागील भाग अखंड राहून आत शिरतो. शिशाचे कण मृतावशेषांतून काँडॉरसारख्या पक्ष्यांच्या पोटात जाऊन विषबाधा होत असल्याने तांब्याच्या गोळ्यांचा वापर वाढला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे.

मॅग्नम काडतुसांचा खांद्याला बसणारा धक्का अधिक असतो. त्याच्या धास्तीने चाप ओढताना नेमबाज दचकला, तर नेम चुकतो व वाढीव शक्ती व्यर्थ जाते.

दुर्बीण : ३ ते ९ पट विवर्धन व ४० मिमी. व्यासाचे वस्तुभिंग असलेली दुर्बीण सर्वसाधारणपणे पुरेशी ठरते. वापिटी पहाटे व सायंकाळी अधिक वावरतो, त्यामुळे मंद प्रकाशातील स्पष्टता महत्त्वाची असते. वस्तुभिंगाच्या व्यासास विवर्धनाने भागले असता नेत्रिकेतून निघणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. तो ९ पटीस सु. ४·४ मिमी., तर ५ पटीस ८ मिमी. येतो. अंधारात डोळ्याची बाहुली सु. ५ ते ७ मिमी. विस्फारते, म्हणून संधिप्रकाशात कमी विवर्धनाने प्रतिमा अधिक उजळ दिसते. दाट झाडीत जनावर चटकन दृष्टिक्षेत्रात येण्यासही कमी विवर्धन सोयीचे पडते. धक्क्याने नेत्रिका भुवईवर आदळू नये म्हणून डोळा व नेत्रिका यांत सु. ९ सेंमी. अंतर राखतात. भिंगे आतून धुरकट होऊ नयेत यासाठी नळीत नायट्रोजन वायू भरलेला असतो.

शिकारीपूर्वी प्रत्यक्ष वापरावयाच्या काडतुसांनीच रायफलीचा नेम जुळवून घेणे आवश्यक असते. सु. १८० मी. अंतरावर जुळविलेल्या .३०-०६ ची वरील गोळी सु. २७५ मी. अंतरावर २० सेंमी.हून अधिक खाली लागते. साधनांची क्षमता कितीही असली, तरी ज्या अंतरावर नेमबाजाचा नेम खात्रीने साधतो, तीच त्याच्या शिकारीची मर्यादा होय.